आमच्या ह्यांचा वाटा

आमचे हे सध्या साडेचार वर्षांचे आहेत. दोन वेण्या घालतात, नाक माझ्याच बाहीला पुसतात आणि बूट कधी म्हणून सरळ घालत नाहीत. बुटांच्या बाबतीत पहिल्या खेपेलाही हीच बोंब होती. अख्खा संसार डावा-उजवा शिकवण्यात गेला माझा, काडीचा उपयोग झाला नाही.

हसू नका. आमच्याकडे, इथे पार उत्तरेच्या बर्फात, माणूस गेला की त्याचं नाव मोकळं होतं, आणि मग जे मूल जन्माला येतं त्याला ते नाव देतात. नाव आलं की माणूस आला, आणि माणसामागोमाग त्याची सगळी नाती. माझा नवरा इनुक्साक गेला त्या हिवाळ्यात शेजारची झिटा पोटुशी होती. तिला मुलगी झाली आणि तिने नाव ठेवलं इनुक्साक. मी बघायला गेले. ते टोपडं घातलेलं गाठोडं माझ्याकडे टक लावून बघत राहिलं आणि मग एक डोळा मिटून भलीमोठी जांभई दिली. ती जांभई मी कुठेही ओळखली असती. "अहो, आलात का?" एवढंच म्हटलं आणि तिथेच बसून मी ढसाढसा रडले.

त्या नात्याने झिटा माझी सासू. वय सव्वीस. मला ठसक्यात "सूनबाई" म्हणून हाक मारते आणि मीही भर दुकानात तिच्या पाया पडल्यासारखं करते. गावातल्या बायकांची करमणूक होते. पण एक सांगते, हे नाटक नव्हे. मी मनापासून तिची सून आहे.

तर ह्या हिवाळ्यात माझी सासू वाळत चालली होती.

तिचा माणूस खाणीत कामाला म्हणून गेला, आणि तिकडेच दुसरं घर करून बसला मेला. मागे राहिले झिटा, आमचे हे, आणि एक अंगावर पिणारा तान्हा. आमच्या गावात विमान आलं तर दुकानात माल. वादळ धरलं की विमान नाही, मग फळ्यांवर सॉसच्या बाटल्या आणि वाढदिवसाच्या मेणबत्त्या. माल आला तरी काय, दुधाच्या पावडरीचा डबा उचलायचा, किंमत वाचायची आणि परत ठेवायचा. आपल्याला कोणी बघितलं नाही असं ठेवणाऱ्या प्रत्येक बाईला वाटतं. मागे उभी असलेली बाई मान वळवते, कारण तिनेही आत्ताच तेच केलेलं असतं.

शिकारीचं मांस असतं की, असं तुम्ही म्हणाल. असतं. कुणी सील, म्हणजे समुद्रातलं ते मिशीवालं जनावर, मारलं की गावच्या रेडिओवर सांगतात, ज्याला हवं त्याने यावं. बायका पिशव्या घेऊन जातात. झिटाही जायची. आणि मग ती जायची बंद झाली. का, ते मला कळायला फार वेळ लागला, आणि त्याचाच मला राग येतो.

तिला विचारावं तर एकच उत्तर. "मी खाल्लं." चहाला बोलावलं, समोर पाव ठेवला, "मी आत्ताच खाल्लं." पाव मात्र हातात घ्यायची आणि ह्यांच्या तोंडात द्यायची.

एके दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले तर दार उघडेना. आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही, वाजवतात ते पोलीस. ढकलायचं आणि आत जायचं. हिने आतून खुर्ची लावून ठेवली होती.

"अहो, दार उघडा!" मी ओरडले.

आतून आमच्या ह्यांचा आवाज आला. "जेवणं झाली!"

"मी जेवायला नाही आले. दार उघडा."

"आईने सांगितलंय. कोणीही आलं तरी सांग, जेवणं झाली."

मी दार असं ढकललं की खुर्ची आडवी झाली.

झिटा कोचावर पडली होती. तान्हा छातीशी होता. दोन घोट ओढायचा, सोडून द्यायचा आणि किंचाळायचा. परत ओढायचा, परत किंचाळायचा. चुलीवर भांड्यात माशाचं एक डोकं होतं, इतक्यांदा उकळलेलं की त्याला रंगच उरला नव्हता.

"दूध आटतंय का गं?" मी विचारलं.

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नर्स म्हणाली, भरपूर खा. खाल्लं तर येईल परत."

"मग?"

"खाते ना. आत्ताच खाल्लं."

माझ्या खिशात कॅरिबू हरणाच्या सुक्या मांसाचा तुकडा होता. माझ्याकडचा शेवटचा होता, पण हे असलं सांगायचं नसतं. मी तो तिच्या हातात दिला. तिने अर्धा तोडून पोरीला दिला आणि उरलेला कागदात गुंडाळायला लागली. उद्याला, पोरीसाठी. माझ्या डोळ्यांदेखत!

"अगं ए! तो तुला दिला होता. तू खाल्लंस तर ह्या तान्ह्याला मिळणार, एवढी साधी गोष्ट डोक्यात शिरत नाही?"

"मावशी, रागावू नका."

मावशी! सूनबाई नाही. मला कानाखाली मारल्यासारखं झालं.

"किती घेत राहू मी लोकांकडून?" ती म्हणाली. "माझ्या घरात बंदूक धरणारं कोणी नाही. माझ्याकडून कुणाला कधी काही जात नाही. मागच्या वेळी सबिनाकडे गेले तर सगळ्यांसमोर म्हणाली, 'एवढी मोठी पिशवी? स्लेजगाडीच आणायची होतीस.' सगळ्या हसल्या. मीही हसले. पण पाय परत उचलत नाही, मावशी."

"तुझ्यासाठी नको, पोरांसाठी तरी जा."

"पोरांना मिळतं. शाळेत नाश्ता देतात, शेजारी देतात. पोरं उपाशी नाहीत."

पोरं उपाशी नव्हती, हे खरं होतं. आमच्याकडे पोरं सगळ्यात शेवटी उपाशी राहतात. आधी आयांची पाळी. पण ह्या तान्ह्याचं जेवण आईच्याच अंगातून येणार होतं, त्याला शेजारी काय देणार?

मी उठले. राग आला की माझे गुडघे दुखत नाहीत. तडक तुंगिलिकच्या घरी गेले.

हे दोघे नवरा-बायको आधी सांगायला हवेत. तुंगिलिक म्हणजे आमच्या ह्यांचा सीलचा वाटेकरी. सीलचे वाटे आमच्या जुन्या माणसांत लहानपणीच ठरायचे. तू सील मारलंस की डोकं अमक्याला, बरगड्या तमक्याला, मागची मांडी त्याला. आणि त्याने मारलं की त्याच्या सीलची मांडी तुला. ज्याच्याशी जो वाटा, त्याच नावाने हाक. तुंगिलिक आणि हे एकमेकांना जन्मभर "मांडी" म्हणायचे. एकदा चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना तुंगिलिक मागून म्हणाला, "ए मांडी, सरक जरा," तेव्हा नवा पाद्री पुस्तकातली ओळच विसरला. हे गेल्यावर तुंगिलिकने तो वाटा कुणाला द्यायचाच बंद केला. दुसऱ्या कुणाला मांडी म्हणायला जीभ वळत नाही, म्हणाला. दुःख होतं ते. मीही कधी काही बोलले नाही.

त्या दिवशी मात्र बोलले. तुंगिलिक भाल्याचं टोक घासत बसला होता. त्याची बायको सबिना, तीच ती पिशवीवाली, जमिनीवर बसून कातडं खरवडत होती.

"तुंगिलिक भावजी," मी बूटही न काढता म्हटलं, "तुमची मांडी उपाशी आहे."

त्याचा हात थांबला. "माझी मांडी गेली, वहिनी."

"गेली नाही. माझ्या शेजारच्या घरात उलटे बूट घालून बसलीय."

"ती? ती तर मुलगी आहे."

"नावाला वेण्या असतात का?"

तुंगिलिक पुन्हा टोक घासायला लागला. सबिना बोलली. "मानीलाक, तुझं खरं आहे. पण मांडी घेतली की मांडी द्यावी लागते. ती एवढीशी पोर काय देणार? नुसतंच द्यायचं तर तो वाटा नाही, ती भीक झाली."

बोलली ते अगदी बरोबर बोलली, म्हणून मला जास्त राग आला. "भिकेचं तू बोलूच नकोस! तुझ्या त्या स्लेजच्या विनोदाने माझी सासू घरात कोंडून घेऊन बसलीय. तान्ह्याला ओढायला दूध नाही."

सबिनाच्या हातातली उलू, म्हणजे आमची बायकांची अर्धगोल सुरी, खाली पडली. "अगं, मी गंमत केली. मी तर सगळ्यांचीच करते."

"भरल्या पोटाला गंमत कळते, बाई."

ती रडायला लागली. मला दया आली नाही, म्हणजे आली, पण नंतर. तुंगिलिक उठून खिडकीशी गेला आणि बराच वेळ आभाळ बघत राहिला.

"वारा पडतोय," तो म्हणाला. "उद्या सकाळी माझ्या मांडीला गरम कपडे घालून तयार ठेवा. दोघांनी शिकारीला जाऊन फार दिवस झाले."

सकाळी तो पोरीला आणि मला स्लेजवर बसवून समुद्रावर घेऊन गेला. बर्फाखाली सील असतं, त्याला श्वास घ्यायला भोकं लागतात. एकाच सीलची बरीच भोकं. मोठ्या माणसाने एका भोकाशी पुतळ्यासारखं उभं राहायचं आणि बायकापोरांनी बाकीच्या भोकांपाशी पाय आपटायचे, म्हणजे सील घाबरून त्या एकाच भोकाशी येतं. पाय आपटायला आमच्या ह्यांच्याइतकं लायक माणूस पंचक्रोशीत नाही. नाचले नुसते. मग तुंगिलिकने खूण केली, तशी मी तिला उचलून त्याच्याजवळ नेलं. त्याने भाल्याची दोरी तिच्या हातमोज्यात दिली आणि तोंडावर बोट ठेवलं.

ती गप्प राहिली. पस्तीस वर्षांच्या संसारात हे एकदाही इतके गप्प राहिले नव्हते.

भाला गेला, दोरी ताणली, आणि ती दोरी सोडेना. तुंगिलिक मागून ओढतोय, ती पुढे फरफटतेय, पण मूठ सुटत नाही. सील वर आलं तेव्हा तिने त्याच्याकडे बघितलं आणि विचारलं, "ह्याला तहान लागलीय?" कुणी शिकवलं होतं तिला? सील बिचारं जन्मभर खाऱ्या पाण्यात, म्हणून वर आलं की त्याच्या तोंडात गोडं पाणी घालायची आमची रीत. पाहुणा आहे तो. तिने बर्फ तोंडात वितळवलं आणि त्याच्या तोंडात सोडलं. तुंगिलिकने दुसरीकडे तोंड केलं. डोळ्यांतलं पाणी गोठलं की पापण्या चिकटतात, म्हणून पुसत होता.

तो तिथेच दुसऱ्या भोकाशी थांबला. आम्ही मागून आलेल्या त्याच्या पुतण्याच्या स्नोमोबाइलवरून सील घेऊन परत आलो. रेडिओवर मीच सांगितलं: "इनुक्साकने सील धरलं. झिटाच्या घरी या सगळ्या." आणि शेवटी, "पिशव्या मोठ्या आणा गं, भवान्यांनो."

पहिली शिकार घरात ठेवायची नसते, सगळी वाटून टाकायची. झिटाच्या स्वयंपाकघरात जमिनीवर पुठ्ठे पसरले. शिकाऱ्याची बायको म्हणून मी कापायला बसले, आणि झिटा एकेक तुकडा उचलून आपल्या हाताने देत होती. "हा तुला, म्हातारे, मऊ आहे. हा तुझ्या लेकीला." सबिना आली तेव्हा झिटाने मागच्या मांडीचा वाटा, तुंगिलिकचा, तिला दिला. सबिनाने तो घेतला आणि झिटाचा हात धरून ठेवला. काहीतरी म्हणायचं होतं तिला. झिटाच म्हणाली, "घे गं, गरम आहे तोवर." किती महिन्यांनी तिचा आवाज असा मोकळा ऐकला मी! घरभर बायका, हात रक्ताने आणि चरबीने माखलेले, तोंडं भरलेली, बोलणं चालू. मला वाटलं, जिंकले.

आणि मग कापता कापता माझं डोकं ठिकाणावर आलं. पहिली शिकार ज्याने केली त्याच्या घरच्यांनी त्यातला घास खायचा नसतो. मी म्हातारी, ही रीत दुसऱ्यांना शिकवणारी, आणि नेमकं हेच विसरले! अख्खं गाव उपाशी बाईच्या घरात जेवत होतं, आणि ती उपाशीच. काळजाचा मऊ तुकडा तिने हातात घेतला, क्षणभर बघितला, आणि पलीकडच्या म्हातारीला दिला. देताना तिने भिंतीला हात टेकला. तान्हा आतल्या खोलीत रडत होता.

मी तिला म्हणणार होते, मसणात जाऊ दे रीत, खा. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि गप्प बसले. इतक्या दिवसांनी ती देणारी झाली होती. ते तिच्या हातून काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. मी दाराकडे बघत बसले. तुंगिलिकच्या सीलला ही रीत आड येत नव्हती, पण त्याला सील मिळालंच नाही तर? अंधार पडेपर्यंत तो येईल का? आणि आला रिकामा, तर हिला मी काय घालणार आहे, माझ्या खिशात तर आता धागाही नाही!

पुठ्ठ्यावर फक्त रक्त उरलं तेव्हा दार धाडकन उघडलं. मिशीवर बर्फ, खांद्यावर सीलची मागची अख्खी मांडी. दारातूनच तो ओरडला, "माझी मांडी कुठाय?"

टेबलाखालून आमचे हे बाहेर आले. "मी इथंय, मांडी."

बायका अशा हसल्या की भिंती हादरल्या. तुंगिलिक गुडघ्यावर बसला आणि वाटा तिच्या हातांवर ठेवला. तिला तो पेलेना. ती तशीच वळली आणि माझ्या मांडीत आदळून म्हणाली, "घे. शिजव."

अगदी पहिल्यासारखं. गोड शब्द नाही, काही नाही. मी पदराआड, आता पदर कुठला आमच्याकडे, पार्का कोटाच्या टोपीत तोंड लपवून हसले आणि भांडं चढवलं.

बायका हळूहळू निघाल्या. सबिना थांबली. पहिलं ताट मी झिटासमोर ठेवलं, रस्सा, चरबी, मोठाले तुकडे. तिने एक तुकडा उचलला आणि पोरीच्या ताटात टाकला. दुसरा सबिनापुढे सरकवला.

"तू खा," मी म्हटलं.

"मी मघाशी खाल्लं."

"कधी? सगळ्या गावाने बघितलं, तू बोटसुद्धा चाटलं नाहीस."

"भूक नाही, सूनबाई. खरंच."

माझ्या पोटात त्या रश्श्याच्या वासाने कावळे ओरडत होते. मी माझं ताट उचललं आणि खाली ठेवलं, लांब.

"सासूबाई," मी म्हटलं, "मोठ्या माणसाने घास घेतल्याशिवाय मी जेवणार नाही. आणि काल सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नाही. घरात काही नाही. मी खाल्लेलं नाही."

मला माझाच आवाज ओळखू येईना. उभ्या जन्मात हे वाक्य माझ्या तोंडून कुणापुढे निघालं नव्हतं. सबिना माझ्याकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "अगं बाई... तूसुद्धा?" आणि खाली बघून, अगदी हळू, "मीही दोन दिवस नुसतं पोरांचं उरलेलंच खातेय."

झिटा आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिली. "तो सुक्या मांसाचा तुकडा..." ती म्हणाली.

"शेवटचा होता. आता खातेस, की मी मरू?"

तिने एक तुकडा उचलला. तोंडात घातला. चावायला तिला वेळ लागला, जणू काही विसरली होती. मग दुसरा. मग तिने वाडगा दोन्ही हातांनी धरला आणि रस्सा प्यायली, हनुवटीवरून ओघळला तरी पुसला नाही, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी, तेही पुसलं नाही. आम्हीही जेवलो. तिघी बायका, कुणी कुणाला आग्रह केला नाही, कुणी काही मागे ठेवलं नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं जेवण होतं, माझ्या लग्नाचं धरून.

भांडं रिकामं झालं तेव्हा आत तान्हा पुन्हा रडायला लागला. झिटा उठायला गेली आणि मधेच थांबली. तिने खाली बघितलं. सदऱ्यावर छातीशी एक ओला डाग पडला होता आणि तो पसरत चालला होता.

ती धावत आत गेली. रडं थांबलं, आणि मग पोर घटाघटा पितंय तो आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत राहिला. सबिनाने माझं बोट धरलं. मी तिला म्हटलं, "रडतेस काय, चहा टाक," आणि मीच रडत होते.